जमीन आणि वाहतूक : रायगड जिल्ह्यापुढील प्रश्न



१२ जानेवारी २०२४ रोजी रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. शिवडी ते न्हावा-शेवा ह्या सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या सागरी पुलाचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी खारकोपर ते उरण ह्या मार्गावरील पहिल्या लोकलला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. पहिल्या घटनेचा गाजावाजा देशभर झाला. दुसरीची दखल उरण-पनवेलच्या बाहेर क्वचितच कोणी घेतली असेल. परंतु ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर ह्या जिल्ह्याचे नियोजन कोणाची सोय डोळ्यांसमोर ठेवून चालले आहे, ह्याचा पुष्कळसा उलगडा होतो.

पुलाची कल्पना जुनी. पण प्रत्यक्ष बांधकामाला २०१८ साली आरंभ झाला आणि सुमारे सहा वर्षांत ते पुरे झाले. त्यावर १७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम खर्ची पडली. उरणची रेल्वे अवघी २७ किलोमीटरची. ती १९९० च्या दशकात मंजूर झाली. खारकोपरपर्यंत गाडी पोचायला नोव्हेंबर २०१८ उजाडला आणि पुढे उरण गाठायला आणखी पाच वर्षे लागली. भूसंपादन, खारफुटी, वनखात्याच्या परवानग्या अशी विलंबाची कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. तथापि खारफुटी पुलालाही ओलांडायची होती, शिवडीच्या रोहित पक्ष्यांची दलदलही ओलांडायची होती. एकाच्या वाटेतील अडचणी काही वर्षांत दूर होतात आणि दुसऱ्याच्या वाटेतील अडचणी पाव शतक तशाच पडून राहतात, ह्याचे उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडणारे नाही. ते शासनाच्या अग्रक्रमात आहे.

उद्घाटनाच्या वेळी ह्या पुलावर मोटारीला एका खेपेस २५० रुपये पथकर ठरवण्यात आला. दुचाकी आणि रिक्षा ह्यांना पुलावर प्रवेश नाही. पुलावर रेल्वेमार्ग नाही. पूल बांधायलाच नको होता, असे म्हणण्याचे कारण नाही; खाडीपलीकडची जमीन मुंबईला जोडावी ही मागणी फार जुनी आणि रास्त होती. प्रश्न असा आहे की, ती जोडताना माणसे जोडायची की केवळ जमिनीचे भाव?

दोन नकाशे

नगररचनेच्या कचेरीत एक नकाशा असतो. त्यावर पिवळा रंग वस्तीचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. रस्ते आणि रेल्वे ह्यांच्या कचेऱ्यांत दुसरे नकाशे असतात. ते वेगळ्या खात्यांत, वेगळ्या वर्षी, वेगळ्या सहीने तयार होतात. वस्तुतः हे नकाशे वेगळे असूच शकत नाहीत. एखाद्या शेतात हजार घरांची वसाहत उभी राहिली की रोज सकाळी त्या शेतातून हजारो माणसे कामासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी बाहेर पडणार. आणि एखाद्या माळावरून रुंद रस्ता गेला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचा भाव त्याच दिवशी बदलणार. घरे प्रवास निर्माण करतात आणि रस्ते जमिनीची किंमत निर्माण करतात, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजणे सोपे जाते.

हा संबंध केवळ तत्त्वाचा नाही, आकड्यांचाही आहे. रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर दीड-दोन हजार मोटारी जाऊ शकतात आणि बहुतेक मोटारींत एक किंवा दोन माणसे असतात. उलट गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एकाच लोकलमधून चार-पाच हजार माणसे जातात. ती ज्या हालांत जातात ते सर्वांना ठाऊक आहे, पण जातात. तेव्हा जेथे दाट वस्ती होऊ द्यायची, तेथे रेल्वे किंवा भरवशाची बससेवा आधी पोचलीच पाहिजे. ती न पोचवता चटईक्षेत्र वाढवून देणे म्हणजे रस्ता तुंबणार ह्याची आजच तजवीज करणे होय. आणि जेथे रेल्वेचे स्थानक सार्वजनिक पैशाने बांधले, तेथे सभोवती काही मोजक्यांचे बंगले किंवा वर्षानुवर्षे कुंपण घालून ठेवलेले मोकळे भूखंड राहू देणे, ही त्या पैशाची उधळपट्टी होय.

ह्या विसंगतीची किंमत श्रमिक दोनदा मोजतो. कामाच्या ठिकाणाजवळ घर परवडत नाही म्हणून तो दूर जातो, आणि दूर गेला म्हणून दिवसाचे तीन-चार तास व पगाराचा एक भाग प्रवासाला देतो. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर गेली होती. त्या वेळी तो देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा येथे घरे झाली, रोजगार मात्र मोठ्या प्रमाणावर मुंबईतच राहिला. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन भरगच्च लोकल गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. त्या अपघाताची तांत्रिक कारणे तज्ज्ञ सांगतील. परंतु माणसाला दारात लटकावे का लागते, ह्याचे कारण रुळांवर नाही; घर एकीकडे आणि काम दुसरीकडे ठेवणाऱ्या नकाशात आहे.

नव्या मुंबईचा धडा

रायगडला हा धडा शिकण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. १९५९ साली स. गो. बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर रेल्वे व रस्ता अशा दोहोंसाठी मिळून पूल बांधावा, अशी शिफारस केली होती. पुढे १९६६ साली धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या समितीने मुंबईची वाढ रोखण्यासाठी सबंध प्रदेशाचे एकत्र नियोजन करावे असे सुचवले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. विचार, कायदा आणि संस्था, तिन्ही हाताशी होते.

झाले काय? १९७३ साली वाशीचा पूल खुला झाला तो केवळ रस्त्याचा. रेल्वे आली ती १९९२ च्या मे महिन्यात. म्हणजे बर्वे गटाच्या शिफारशीतील अर्धा भाग चौदा वर्षांनी आणि उरलेला अर्धा तेहतीस वर्षांनी अंमलात आला. मधल्या काळात नव्या मुंबईत घरे बांधली गेली, पण शासनाने स्वतःचे बिऱ्हाड हलवले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि १९८१ साली राज्याचे नवे विधानभवनही तेथेच उघडले. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी शहर वसवायचे आणि राज्यकारभार मात्र मुंबईच्या टोकाला ठेवायचा, अशी ही तऱ्हा. ज्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून वाशीत घर घेतले, त्यांना कित्येक वर्षे पुलावरच्या बसच्या रांगेत ह्या विसंगतीचा अर्थ उमगत राहिला.

परंतु ह्याच इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती विसरता कामा नये. नव्या मुंबईची रेल्वे जेव्हा झाली, तेव्हा तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश, म्हणजे ६७ टक्के, वाटा सिडकोने उचलला. हा पैसा आला जमिनीतून. स्थानकांच्या वर आणि सभोवती कचेऱ्या, दुकाने बांधून त्यांचे उत्पन्न घेतले गेले. रेल्वेमुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिच्यातूनच रेल्वेचा खर्च भागवता येतो, हे ह्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष सिद्ध झालेले आहे. ते शक्य झाले, कारण जमीन सार्वजनिक संस्थेच्या हाती होती.

आणि ती सार्वजनिक संस्थेच्या हाती कशी आली? ९५ गावांच्या शेतकऱ्यांनी, आगरी-कोळी कुटुंबांनी, मिठागरांवर राबणाऱ्यांनी ती दिली. किंबहुना त्यांच्याकडून ती घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखांना जासई-न्हावाशेवा परिसरात दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्ताच्या मोलाने पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा हक्क आहे, हे तत्त्व कोणा सचिवाच्या लेखणीतून उतरलेले नाही, हे रायगडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

पोटोमॅकपलीकडचा जिल्हा

जमीन आणि वाहतूक ह्यांची सांगड नीट घातली तर काय होते, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. मुंबईच्या पलीकडे जसा रायगड, तशी वॉशिंग्टनच्या पलीकडे, पोटोमॅक नदीच्या दुसऱ्या काठावर, आर्लिंग्टन ही काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. पण ही आकाराने फार लहान, एखाद्या शहराएवढी. १९६० च्या दशकात तेथे मेट्रो रेल्वेची आखणी चालली होती. स्वस्त आणि सोपा मार्ग म्हणजे नियोजित महामार्गाच्या मधोमध रूळ टाकणे. काउंटीच्या लोकप्रतिनिधींनी तो नाकारला आणि ओस पडत चाललेल्या जुन्या बाजाररस्त्याखालून भुयारी रेल्वे न्यावी, असा आग्रह धरला. १९७९ साली ती बॉलस्टनपर्यंत धावू लागली. त्याचबरोबर जमीन-वापराचा नियम ठरला : स्थानकाला लागून उंच इमारती, थोडे दूर मध्यम आणि त्यापलीकडे जुनी ठेंगणी वस्ती जशीच्या तशी. पाच स्थानकांच्या त्या पट्ट्यात घरे, कचेऱ्या, दुकाने चालण्याच्या अंतरावर आली. मोटारीचे माहेरघर असलेल्या त्या देशात हजारो माणसे पायी स्थानकावर जाऊ लागली.

परंतु त्या यशोगाथेचे दुसरे पानही वाचले पाहिजे. त्याच पट्ट्यात क्लॅरेंडन येथे १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासितांनी छोटी छोटी दुकाने थाटली होती. मेट्रोच्या खोदकामाच्या काळात भाडी कमी होती म्हणून ती तेथे टिकली. मेट्रो सुरू झाली, भाडी चढली आणि ती दुकाने उठली. नियोजन उत्तम होते. पण वाढलेल्या किमतीपासून गरिबाला वाचवण्याची तरतूद त्यात पुरेशी नव्हती. जमीन आणि वाहतूक जोडणे हे अर्धे काम झाले. जोडल्यानंतर तेथे कोण राहू शकेल, हे ठरवणे हे उरलेले अर्धे.

आजचा रायगड

२०११ साली रायगडची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. त्यानंतरच्या वर्षांत ह्या जिल्ह्यावर प्रकल्पांची रीघ लागली. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील गावांसाठी, म्हणजेच नैनासाठी, सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. जिल्ह्यातील ती पहिलीच. २०२४ च्या आरंभी सागरी पूल झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांचे सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्र कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर म्हणून अधिसूचित होऊन ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती देण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नवी मुंबई ज्या क्षेत्रावर वसली, जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रावर आणखी एक शहर वसवण्याचा हा घाट आहे.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पूल झाला, मग नवनगराची अधिसूचना निघाली. पूल होणार हे निश्चित झाल्यापासूनच शेतजमिनींचे सौदे सुरू झाले. ज्याला नकाशा आधी कळला त्याने जमीन घेतली. ज्याची जमीन होती त्याला नकाशा शेवटी कळला. ही जी किमतीची वाढ आहे, ती कोणाच्या घामाची? दलालाने तेथे भाताचे एक रोप लावलेले नाही की डांबराची एक पाटी टाकलेली नाही. ती वाढ सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पुलाची आहे. सिडकोने १९७० नंतर आधी जमीन ताब्यात घेतली, म्हणून पुढे रेल्वेचा खर्च निघू शकला. रायगडच्या ह्या नव्या पट्ट्यात जमिनीचे भाव आधीच खाजगी हातांत वाढून गेले, तर रेल्वेसाठी आणि बससाठी पैसा कोठून आणणार?

नैनातील नगररचना परियोजनांत शेतकऱ्याला ४० टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आहे. १९८४ च्या तुलनेत ही प्रगती आहे, हे मान्य केले पाहिजे. पण भूखंड मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जो खंडाने कसतो, जो खाडीत मासे धरतो, जो दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो, त्याला त्यातून काय मिळते? रायगडातील कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या जेथे उभ्या आहेत, ती जमीनच त्यांच्या नावावर नाही. रस्त्याची रेघ त्या वाडीवरून गेली, तर हरकत घेण्यासाठी त्यांच्या हातात कागदसुद्धा नसतो.

आणि वाहतुकीचे म्हणावे, तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत लोहमार्ग आहे, पण तो मालगाड्यांचा. उरणच्या रस्त्यांवर बंदराचे अवजड कंटेनर आणि सायकलवरचा शाळकरी मुलगा एकाच डांबरावरून जातात. खताला रूळ मिळाले, कंटेनरला रस्ता मिळाला, मोटारीला पूल मिळाला. आता पाळी माणसाची आहे.

मागणी काय असावी?

नुसता विरोध करून भागणार नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याला शासन विकासाचा शत्रू ठरवते आणि आपला नकाशा पुढे रेटते. म्हणून ‘काय हवे’ हे तपशिलाने मांडले पाहिजे.

पहिली गोष्ट, जमीन-वापराचा आराखडा आणि वाहतुकीचा आराखडा एकत्र प्रसिद्ध व्हावा, आणि दाट बांधकामाची परवानगी सार्वजनिक वाहतुकीच्या प्रत्यक्ष पूर्ततेशी कायद्याने बांधलेली असावी. स्थानक किंवा बसमार्ग कागदावर दाखवून मनोरे प्रत्यक्षात उभे करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे.

दुसरी, सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या किमतीचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक निधीत जमा व्हावा, तो त्याच परिसरातील रेल्वे, बस आणि घरे ह्यांवरच खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब दरवर्षी गावांपुढे ठेवला जावा.

तिसरी, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरातील जमिनीचा निश्चित भाग श्रमिकांच्या भाड्याच्या आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवावा. आज राखली नाही, तर उद्या ती मिळणार नाही. कातकरी वाड्या आणि विस्तारलेली गावठाणे ह्यांची मोजणी व नोंद आराखड्याच्या आधी व्हावी.

चौथी, कामे घरांजवळ यावीत. नव्या शहरात केवळ सदनिका आणि गोदामे असतील, तर तेथील माणूस उद्याही मुंबईच्याच गाडीत बसेल. शासनाने ह्या वेळी तरी स्वतःच्या कचेऱ्या, इस्पितळे, महाविद्यालये प्रथम तेथे न्यावीत.

ह्यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य द्यावे, हे तत्त्व शासनाने स्वीकारलेले आहे. वाण आहे ती त्या तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्यांची.

कार्यकर्त्यांच्या वाट्याचे काम येथून सुरू होते. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. ती मुदत बहुधा नकाशा समजण्यातच निघून जाते. आराखडा क्लिष्ट भाषेत असतो, नकाशे दूरच्या कचेरीत लावलेले असतात आणि शेतकऱ्याला आपला गट क्रमांक त्यात कोठे बसतो हे सापडत नाही. तेव्हा नकाशा निघण्याची वाट न पाहता गावोगावी आजच बसून गावाचा स्वतःचा नकाशा काढावा. किती माणसे कामासाठी कोठे जातात, कशाने जातात, किती वेळ लागतो, किती पैसे पडतात. शाळेची वाट कोणती, बाजाराची कोणती, पाणी कोठून वाहते, कोणत्या वाडीला कागद नाही. हे सारे एका मोठ्या कागदावर मांडून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावे. सरकारी नकाशा येईल तेव्हा त्याच्याशेजारी ठेवायला दुसरा नकाशा तयार असेल. हरकत एकट्या शेतकऱ्याची न राहता गावाची होईल.

ह्याच जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेती न पिकवण्याचा संप चालवला. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क आहे, ही गोष्ट त्यांनी उपाशी राहून राज्याला शिकवली. आजचा प्रश्न त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. जमीन कोणाची, ह्याबरोबरच त्या जमिनीपर्यंत जाणारी वाट कोणासाठी, हेही आता विचारावे लागेल. १२४ गावांच्या भविष्याचा आराखडा ज्या टेबलावर ठरणार आहे, त्या टेबलावर गावांचा स्वतःचा नकाशा आधी पोचला पाहिजे.